अंगावर काय पडलं होतं?

 आम्ही वालूरच्या बचत गटांकडून बोलतोय.

इतिहास म्हटलं की आमच्या गावात पहिली आठवते ती बारव. गोल फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्यांची. गावकऱ्यांनी गाळ उपसून ती मोकळी केली तेव्हापासून बाहेरगावची माणसं बघायला येतात, फोटो काढतात. आज मात्र आम्ही बारवेबद्दल बोलणार नाही. आजचा विषय ऐकायला जड आहे. लढाईत वापरलेल्या विषारी रसायनांनी माणसं कशी भाजली, हे भाजणं डॉक्टरांना ओळखू कसं आलं, इलाज काय झाला आणि ओळख पटायला उशीर का लागला, असा हा इतिहास आहे.

हा विषय गटाच्या बैठकीत काढला तेव्हा एका काकूंनी तोंडावरच विचारलं, "आपल्याला काय करायचंय त्याचं? आपल्या वावरात कोण बॉम्ब टाकायलंय?" प्रश्न रास्त होता. पण त्याच बैठकीत फवारणीचे कपडे धुताना हाताची आग झालेल्या बऱ्याच जणी निघाल्या. संडास साफ करायच्या ॲसिडने पाय पोळलेली एक जण निघाली. तिला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, अंगावर काय पडलं? तिला सांगता येईना. ते ॲसिड बाजारातून सुटं आणलेलं, पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेलं, बाटलीवर ना नाव ना कागद. तुम्ही ऐकताय त्या सगळ्या हकिकतीत हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येणार आहे.

आधी भाजण्यातला फरक समजून घेऊ. तव्याचा चटका बसला की हात आपोआप मागे येतो. लगेच आग होते, त्यामुळे आपण लगेच पाणी घालतो. ॲसिडचंही तसंच, पडल्याबरोबर कळतं. पण लढाईत सगळ्यात जास्त माणसं ज्या रसायनाने भाजली, ते मस्टर्ड, अंगावर पडलं तरी कळत नाही. नाव मोहरीचं असलं तरी मोहरीशी त्याचं काही नातं नाही. वासावरून ते नाव पडलं. कुणाला तो वास मोहरीसारखा वाटला, कुणाला लसणासारखा. लोक त्याला मस्टर्ड गॅस म्हणतात, पण खरं तर ते तेलासारखं पातळ द्रव्य आहे, पिवळसर तपकिरी. ते कापडात मुरतं, कातड्यात मुरतं, आणि उकाड्यात त्याची वाफ उठते. अंगाला लागल्यावर काही मिनिटांत ते आतल्या पेशींना चिकटून नुकसान करून मोकळं होतं. माणसाला मात्र चार तास, सहा तास, कधी बारा तासही काहीच वाटत नाही. मग डोळे चुरचुरतात, सुजतात, मिटून जातात. कातडी उन्हाने तापल्यासारखी लाल होते आणि दुसऱ्या दिवशी पाण्याने भरलेले मोठाले फोड येतात. काखेत, जांघेत, मानेच्या वळीत, जिथे घाम साचतो तिथे सगळ्यात वाईट. वाफ छातीत गेली असेल तर घसा बसतो, खोकला लागतो, श्वास अडतो.

हे पहिल्यांदा वापरलं जर्मनीच्या सैन्याने, पहिल्या महायुद्धात, १२ जुलै १९१७ च्या रात्री, बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ. त्या रात्री तोफगोळे पडले, पण सैनिकांना फार काही झाल्यासारखं वाटलं नाही. पुष्कळ जण झोपी गेले. पहाटे उठले ते डोळे दुखत, ओकत. भाजलेल्या शंभरांतले दोन-तीनच मरत, पण बाकीचे आठवडेच्या आठवडे खाटेवर पडून राहत. सैन्याला हेच हवं होतं. मेलेल्या माणसाला पुरलं की झालं. आंधळ्या झालेल्या माणसाला मात्र हात धरून न्यायला दुसरा लागतो आणि जखमा धुवायला तिसरा.

त्याच ईप्रला दोन वर्षं आधी, एप्रिल १९१५ मध्ये, आपले हिंदी सैनिक दुसऱ्या वायूला तोंड देऊन आले होते. तो होता क्लोरीन. लाहोर डिव्हिजनच्या जवानांकडे तेव्हा मुखवटे नव्हते. ओलं कापड नाकाला धरा, एवढाच उपाय. त्या वर्षाच्या शेवटी हिंदी पायदळ तिथून हललं. आपल्या मराठा पलटणी बहुतेक मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढत होत्या. त्यामुळे मस्टर्डचा मारा मराठी माणसांवर त्या युद्धात फारसा आला नाही.

पण हिंदी माणसांवर मस्टर्ड आलं, आणि ते शत्रूकडून आलं नाही. हा भाग ऐकताना आमच्या बैठकीत सगळ्या गप्प झाल्या होत्या.

इंग्लंडमध्ये पोर्टन डाउन नावाची सरकारी प्रयोगशाळा आहे. रासायनिक युद्धाचा अभ्यास तिथे चाले. १९३० नंतरच्या काही वर्षांत तिथले शास्त्रज्ञ रावळपिंडीला आले. रावळपिंडी आज पाकिस्तानात आहे, तेव्हा ती इंग्रज सरकारची मोठी छावणी होती. तिथे दहा वर्षांहून जास्त काळ ब्रिटिश हिंदी सैन्यातल्या जवानांवर मस्टर्डचे प्रयोग झाले. शेकडो जवान. हिंदी माणसाची कातडी गोऱ्या माणसापेक्षा जास्त पोळते की कमी, आणि किती मस्टर्ड टाकलं म्हणजे लढणारा माणूस निकामी होतो, हे त्यांना बघायचं होतं. काही जवानांना हाफ पँट आणि सुती सदरा घालून वायूच्या कोठडीत पाठवलं. पुष्कळ जण भाजले, काहींना दवाखान्यात ठेवावं लागलं. एकदा एकाचा मुखवटा सरकला आणि त्याचे डोळे आणि तोंड चांगलंच पोळलं. प्रयोग झाल्यावर या जवानांची पुढे वर्षानुवर्षं काही तपासणी ठेवली गेली नाही. मस्टर्डमुळे पुढे कर्करोग होऊ शकतो, हे आज सगळ्या डॉक्टरांना माहीत आहे. इंग्लंडच्या सरकारी दप्तरखान्यातले हे कागद द गार्डियन या वर्तमानपत्राने २००७ च्या सप्टेंबरमध्ये जगापुढे आणले. तोवर साठ-सत्तर वर्षं गेली होती. पोर्टनने असे प्रयोग गोऱ्या सैनिकांवरही केले, हे खरं आहे. पण गुलाम देशाच्या शिपायाला साहेबाने कोठडीत जा म्हटलं, तर त्याने नाही म्हणायचं कसं? आम्हाला तरी यात राजीखुशी दिसत नाही.

उकाड्यात आणि घामात मस्टर्ड जास्त पोळतं, हे वाक्य आता वैद्यकाच्या पुस्तकात सहज येतं. वाचताना आम्हाला ती कोठडी दिसते.

आता मोठी हकिकत. इटलीच्या किनाऱ्यावर बारी नावाचं बंदर आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या शेवटी, इंग्रज आणि अमेरिकन सैन्याचा सगळा माल तिथे उतरत होता. तेव्हा तिथून वर, सांग्रो नदीच्या बाजूला आठवी हिंदी डिव्हिजन लढत होती आणि तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. याच पलटणीतले नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे, यांना पुढे १९४५ मध्ये इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे बारी आपल्याला वाटतं तितकं परकं नाही.

२ डिसेंबर १९४३ ची संध्याकाळ. बंदरात जहाजं एकाला एक चिकटून उभी, दिवे लावून माल उतरवणं चालू. साडेसातच्या सुमारास शंभराच्या आसपास जर्मन विमानं आली. दारूगोळ्याची जहाजं फुटली, तेलाची नळी फुटली, पाण्यावर तेल पसरलं आणि पेटलं. डझनाहून जास्त जहाजं बुडाली. त्यात जॉन हार्वे नावाचं अमेरिकन जहाज होतं. त्याच्या पोटात दोन हजार मस्टर्डचे बॉम्ब होते. शत्रूने आधी मस्टर्ड वापरलं तर उलट मारायला असावं, म्हणून आणलेले. ही गोष्ट गुप्त होती. जहाजावर ज्यांना माहीत होतं ते सगळे त्या स्फोटात गेले. बंदरावरच्या ज्या थोड्या अधिकाऱ्यांना माहीत होतं, त्यांच्याकडून दवाखान्यापर्यंत ही खबर पोचलीच नाही.

पाण्यात पडलेले शेकडो खलाशी तेलाने माखून बाहेर आले. त्या तेलात मस्टर्ड विरघळलेलं होतं. दवाखान्यात एवढी गर्दी झाली की ज्यांना मोठी जखम नाही, त्यांना बाजूला बसवलं. पाण्यात पडून गारठलेत, धक्का बसलाय, असं समजून नर्सबायांनी त्यांना तशाच ओल्या तेलकट कपड्यांवर घोंगड्या गुंडाळल्या आणि गरम चहा दिला. माया होती त्यात. आपण कुणीही तेच केलं असतं. पण मस्टर्डने भिजलेल्या कपड्यात, घोंगडीच्या उबेत, ती माणसं रात्रभर शिजत राहिली, आणि हे ना त्यांना कळत होतं ना नर्सबायांना.

पहाटेपासून माणसं ओरडायला लागली, डोळे गेले म्हणून. डोळे सुजून बंद. मग अंग लाल, मग फोड. काही जण चांगले बोलत होते, नाडी मात्र क्षीण, रक्तदाब खाली, आणि बोलता बोलता प्राण गेला. पहिले मृत्यू एका दिवसाच्या आत झाले. जळालेल्या माणसाची चिन्हं ही नव्हेत, बुडालेल्याचीही नव्हेत, हे तिथल्या डॉक्टर-नर्सना कळत होतं. पण हे काय आहे, ते कळत नव्हतं. कागदांवर त्यांनी अजून निदान न झालेला त्वचेचा दाह असं लिहिलं. आम्हाला हे लिहिणं आवडलं. माहीत नाही तर माहीत नाही म्हणून लिहिलं, उगाच नाव ठेवलं नाही.

त्या रात्री एक ब्रिटिश लढाऊ जहाज पाण्यातली माणसं उचलून घेऊन टारांटो नावाच्या दुसऱ्या बंदराकडे निघालं. सकाळपर्यंत उचलणाऱ्यांचेही डोळे मिटायला लागले, इतके की जहाज बंदरात लावणं मुश्किल झालं. वाचवणाऱ्यालाही भाजलेल्या माणसाच्या कपड्यांतून लागतं, हे त्या जहाजावरून दिसलं.

मग अल्जीयर्सच्या मुख्य कचेरीतून एका डॉक्टरला पाठवलं. स्टुअर्ट अलेक्झांडर, अमेरिकन सैन्यातले, वय तिशीच्या आतबाहेर. त्यांनी आधी रासायनिक हत्यारांच्या प्रयोगशाळेत काम केलेलं. ७ डिसेंबरला ते दवाखान्यात शिरले आणि त्यांना वास आला, लसणासारखा. तिथेच त्यांना शंका आली. बंदरावरच्या अधिकाऱ्यांना विचारलं तर उत्तर मिळालं की इथे मस्टर्ड नव्हतंच. अलेक्झांडरांनी वाद घातला नाही. ते एकेका रुग्णाकडे गेले. कुठे होतास? पाण्यात होतास की होडीत? तेल अंगाला कुठवर लागलं? कपडे कधी काढले? अंग धुतलं का? मग बंदराचा नकाशा काढून त्यावर कोणतं जहाज कुठे होतं आणि कोणत्या जहाजावरची किती माणसं मेली, हे मांडलं. सगळ्यात जास्त मृत्यू जॉन हार्वेच्या आसपास. पुढे पाणबुड्याने तळातून बॉम्बच्या कवचाचा तुकडा काढून आणला, तो मस्टर्डच्या बॉम्बचाच निघाला.

बघा मैत्रिणींनो, यात कुठलं मोठं यंत्र नाही. नाक आहे, विचारलेले प्रश्न आहेत आणि एक नकाशा. आपण गटात गावाचा नकाशा रांगोळीने काढतो, कुणाच्या घरी पाणी नाही, कुणाच्या घरी संडास नाही, हे खुणा करून दाखवतो. तसंच ते.

सहाशेहून जास्त सैनिक आणि खलाशी मस्टर्डने बाधित म्हणून मोजले गेले, त्यातले ८३ महिन्याच्या शेवटापर्यंत मेले. बारी गावातल्या साध्या लोकांची, बायामुलांची मोजदाद अशी झालीच नाही. वाऱ्याने धूर गावावर गेला होता. अलेक्झांडरांनी अहवाल लिहिला. इंग्लंडचे पंतप्रधान चर्चिल यांनी तो मान्य केला नाही. ब्रिटिश कागदांत मस्टर्डचा शब्द यायचा नाही, शत्रूच्या हल्ल्यात भाजले असं लिहायचं, असं ठरलं. त्यामुळे दुसऱ्या दवाखान्यांत हलवलेल्या रुग्णांच्या कागदावरही खरं कारण नव्हतं. जहाज आपलंच, बॉम्ब आपलेच, हे जगाला कळू नये यासाठी. अलेक्झांडरांचा अहवाल पुढे कित्येक वर्षं कुलुपात राहिला. त्यांच्या कामाचा सैन्याने सन्मान केला तो १९८८ मध्ये, तेव्हा ते म्हातारे झाले होते.

बरं, निदान झाल्यावर इलाज काय? मस्टर्डवर उतारा नाही, तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. लेविसाइट नावाचं दुसरं फोड आणणारं रसायन आहे, ते अंगावर पडताच आग होते आणि त्यावर उतारा आहे, दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये शोधलेला. म्हणून लगेच आग झाली की उशिरा झाली, हा प्रश्नही निदानाचाच भाग असतो. मस्टर्डमध्ये खरा इलाज पहिल्या काही मिनिटांत होतो, आणि तो करणारा डॉक्टर नसतो, शेजारचा माणूस असतो. कपडे काढायचे, अंगावरचं तेलकट द्रव्य टिपून घ्यायचं, अंग साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवायचं, डोळ्यांत पाणी सोडत राहायचं.

पुढे दवाखान्यात जे करतात ते पुष्कळसं सेवेचं काम आहे. मोठे फोड उघडून स्वच्छ करतात, जंतू वाढू नयेत म्हणून मलम लावून पट्टी बांधतात. फोडातल्या पाण्यात मस्टर्ड नसतं, त्यामुळे त्याने दुसऱ्याला लागत नाही. हे कळायलाही वेळ गेला, आणि तोवर रुग्णाजवळ जायला माणसं भीत. डोळ्यांवर पट्टी बांधत नाहीत, पापण्या चिकटू नयेत म्हणून व्हॅसलीन लावतात. बहुतेकांची नजर परत येते, आणि ते त्यांना पहिल्या दिवशीच सांगावं लागतं, कारण माणूस अर्धा भीतीनेच खचतो. आगीत भाजलेल्याला जेवढं सलाइन देतात तेवढं इथे द्यायचं नसतं, जास्त दिलं तर छातीला त्रास होतो. म्हणजे निदान चुकलं की चांगल्या मनाने केलेला इलाजही अपाय करतो. जखमा भरायला आगीच्या जखमेपेक्षा जास्त दिवस लागतात. आणि रक्तावर रोज लक्ष ठेवावं लागतं.

रक्ताची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण ती आपल्यातल्या काही जणींच्या घरापर्यंत येते. मस्टर्ड लागलेल्या माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही दिवसांनी घटतात. मग साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, क्रमभार नावाच्या अमेरिकन पतीपत्नींनी, एडवर्ड आणि हेलन यांनी, हे लिहून ठेवलं होतं. अलेक्झांडरांनाही बारीच्या रुग्णांत तेच दिसलं. दरम्यान अमेरिकेत येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन या दोघांनी उलटा विचार केला होता. हे रसायन भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं, तर कर्करोगाच्या पेशीही भराभर वाढतातच की. १९४२ मध्ये त्यांनी मस्टर्डच्या जातीचं नायट्रोजन मस्टर्ड अगदी मोजून एका रुग्णाला दिलं. गाठी वितळल्या. काही आठवड्यांनी रोग परत आला आणि तो रुग्ण वाचला नाही, पण वाट सापडली. युद्धकाळामुळे हेही गुप्त होतं, १९४६ मध्ये छापून आलं. त्याच घराण्यातलं सायक्लोफॉस्फमाईड आज स्तनाच्या कर्करोगासाठी दिलं जातं. आपल्या भागातून कुणी बार्शीला जातं, कुणी मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये जातं. केमोच्या प्रत्येक फेरीआधी रक्त का तपासतात, असं आम्हाला बऱ्याच जणी विचारतात. पांढऱ्या पेशी किती उरल्यात ते बघतात. कमी असल्या तर थांबतात. घाबरून केमो सोडू नका, हे मापात दिलेलं औषध आहे.

लढाईतलं मस्टर्ड मात्र थांबलं नाही. १९२५ च्या जिनिव्हा कराराने असली हत्यारं वापरायला बंदी केली, पण बनवायला आणि ठेवायला केली नाही. ही पळवाट सगळ्यांनी वापरली. १९८० नंतरच्या इराण-इराक युद्धात इराकने मस्टर्ड टाकलं. २८ जून १९८७ ला सरदश्त या इराणी गावावर, भर वस्तीत. शंभराहून जास्त साधी माणसं मेली, हजारो बाधित झाली. त्यातल्या कित्येकांचे फुप्फुसांचे आणि डोळ्यांचे आजार आयुष्यभर राहिले. वरून फोड भरले तरी आतलं दुखणं जात नाही, हे जगाला सरदश्तच्या लोकांमुळे नीट कळलं.

आणि आपला देश? १९९२ मध्ये भारत आणि पाकिस्तानने मिळून जाहीर केलं की आम्ही रासायनिक हत्यारं बनवणार नाही, ठेवणार नाही. पुढे २९ एप्रिल १९९७ ला रासायनिक हत्यारांवर पूर्ण बंदी घालणारा जागतिक करार लागू झाला. त्याप्रमाणे भारताला आपला साठा सांगावा लागला आणि तेव्हा कळलं की आपल्याकडे हजार टनांहून जास्त मस्टर्ड आहे. तो साठा आंतरराष्ट्रीय तपासनिसांच्या देखरेखीखाली २००९ पर्यंत पूर्ण नष्ट केला. उशिरा का होईना खरं सांगितलं आणि संपवलं, याचं आम्हाला बरं वाटतं. आधी का लपवलं, हा प्रश्न मात्र राहतोच.

मराठी माणसांचं जुनं शहर ग्वाल्हेर. तिथे संरक्षण खात्याची प्रयोगशाळा आहे, डीआरडीई. रासायनिक हत्यारांपासून बचाव आणि इलाज, हे तिचं काम. सैनिकाच्या अंगावर मस्टर्ड पडलं तर लगेच टिपून घ्यायला जी पूड वापरतात, तिला इंग्रजीत फुलर्स अर्थ म्हणतात. आपल्याकडे त्याच जातीच्या मातीला नाव आहे मुलतानी माती. होय, तोंडाला लावतो तीच. ती तेल शोषून घेते म्हणून. हे ऐकून आमच्या गटात मोठा हशा झाला. पण एक लक्षात ठेवा, ॲसिड किंवा फवारणीचं औषध पडलं तर घरात मुलतानी माती शोधत बसू नका. तिथे पाणीच.

आता आपल्या अंगणात येऊ. पिकावर मारायच्या विषाला आपण औषध म्हणतो, तिथूनच गडबड सुरू होते. १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनतज्ज्ञ किडे मारायचं नवं विष शोधत होता, त्यातून टॅबून नावाचं माणसं मारणारं लढाईचं विष निघालं. आपण कपाशीवर जी फॉस्फरसची कीटकनाशकं मारतो, ती त्याचीच दूरची भावंडं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर मेले. दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारलेली, त्यामुळे नेमकं काय अंगात गेलं हे सांगणं कठीण. भोपाळला १९८४ मध्ये, तीही २ डिसेंबरचीच रात्र, हजारो माणसं दवाखान्यात आली तेव्हा वायू कोणता आणि त्यावर इलाज काय, हे तिथल्या डॉक्टरांना वेळेत सांगितलं गेलं नाही. बारीत झालं तेच.

म्हणून आमच्या गटांनी काय ठरवलंय ते सांगतो. रसायन अंगावर पडलं की पहिल्यांदा भिजलेले कपडे काढायचे. इथेच आपली बाई अडते. वावरात गडी माणसं असतात, लुगडं-पोलकं सोडायची लाज वाटते, आणि ती औषधाने भिजलेल्या पोलक्यात संध्याकाळपर्यंत तशीच खुरपत राहते. बारीच्या खलाशांचे कपडे कुणी काढले नाहीत आणि आपली बाई काढत नाही, अंगावर होतं ते सारखंच. तर चार जणींनी साडी धरून आडोसा करायचा, आत तिचे कपडे काढायचे, बांगड्या-अंगठी काढायची, आणि वाहत्या पाण्याखाली कमीत कमी वीस मिनिटं अंग धुवायचं. फवारणीचं औषध असेल तर साबणही लावायचा. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढायचा नाही. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ पाणी. कोरडा चुना असेल तर आधी कोरड्या कापडाने झटकायचा, मग पाणी. हळद, तूप, टूथपेस्ट, बर्फ, खायचा सोडा, काही काही लावायचं नाही. मदत करणारीने हातात मोजे नाहीतर प्लास्टिकची पिशवी घालायची. आणि १०८ ला फोन.

दवाखान्यात जाताना बाटली सोबत न्यायची. सांडत असेल तर झाकण लावून पिशवीत. बाटली नेता आली नाही तर मोबाइलवर लेबलचा फोटो. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. विषबाधा झाली तर उतारा काय, हेही लेबलवर नाहीतर आतल्या कागदावर छापलेलं असतं. तो कागद आपण पहिल्या दिवशीच फेकतो. रोजाने फवारणीला गेलात तर मालकाला विचारा, पंपात काय आणि किती कालवलं. सांगत नसेल तर डबा दाखव म्हणा. एकटीला जड जातं, चौघी मिळून गेलं की जमतं, हे आम्ही मागच्या हंगामात पाहिलं.

येत्या मंगळवारच्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या अशा सगळ्या बाटल्यांची यादी आणायची आहे. न्हाणीघरातलं ॲसिड, धान्यात ठेवायच्या गोळ्या, पंपाजवळचे डबे, जे असेल ते. ज्या बाटलीवर नाव नाही, तिच्यावर नाव लिहायला आम्ही पट्ट्या आणि पेन घेऊन येतोय. जिला लिहिता येत नाही तिने चित्र काढायचं, किंवा पोराला घेऊन यायचं. वेळ दुपारी दोनची.